बिनहवेचे टायर ऑफरोड गाडीला खरंच चालतात का? एटीव्ही आणि थार, दोन्हीसाठी विचारतोय

डाळिंबवाला_सांगोला:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकीच्या विभागात असला तर अ‍ॅडमिननी हलवावा.

विषय असा की आमची डाळिंबाची बाग आहे आणि ज्यांनी डाळिंबाची छाटणी बघितलीये त्यांना सांगायला नको की छाटणी झाली की दोन ओळींच्या मधे काट्यांचा नुसता सडा पडतो, कितीही वेचा, राहतोच. त्यात बांधावर वेडी बाभूळ. बागेत फिरायला आणि छोटी ट्रॉली ओढायला एक सेकंडहँड एटीव्ही (मोटरसायकलसारखं हँडल असलेली, जाड टायरची छोटी चारचाकी) घेतलीये तिचं एक ना एक चाक कायम बसलेलं. आत ओतायचं ते जेल वापरून झालं, बारीक काट्याला बरं आहे पण बाभळीचा लांब काटा आडवा घुसला की जेलही बाहेर आणि हवाही बाहेर. पंक्चरवाला आता मला लांबून बघूनच हसतो.

यूट्यूबवर ते आऱ्या-आऱ्यांचे बिनहवेचे टायर बघितले, त्यावर खिळे ठोकतात, करवत मारतात, तरी गाडी पळते. एटीव्हीला घ्यावेत का? दुसरं म्हणजे घरी थार आहे, धाकटा भाऊ ऑफरोडिंगला नेतो, त्याचं म्हणणं मागवायचेच आहेत तर तिलाही मागवू, स्टेपनीची कटकटच मिटेल. जाणकारांनी सांगा.

घाटवाट:
एटीव्ही आणि थार एकाच पोत्यात भरू नका, दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत.

थारपुरतं बोलतो कारण मला तेवढंच कळतं. ट्रेल सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळ्यात पहिलं काय करतो, तर खाली बसून हवा काढतो. रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर दगड-मुरमाला २०-२२, चिखलात १८ च्या आसपास, वाळूत १५-१६. बीडलॉक रिम (टायरची कड, म्हणजे बीड, आवळून धरणारी) असली तर लोक १० च्याही खाली जातात. नवीन पोरं येतात ती विंच विचारतात, लॉकर विचारतात, लिफ्ट किट विचारतात, आणि जो पार्ट गाडीबरोबर फुकट आलाय त्या वॉल्व्हकडे कुणी बघत नाही.

हिशोब करून बघा. गाडी सामानासकट १८०० किलो धरली तर एका चाकावर ४५०. ३२ पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण सव्वादोन किलो. म्हणजे टायरचा जमिनीला टेकलेला भाग झाला २०० चौरस सेंमीच्या आसपास. १६ वर आणा, तोच ४०० होतो. (साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, ताठपणा धरला तर थोडा कमी भरेल, इंजिनिअर लोकांनी लगेच अंगावर येऊ नये.) आणि तो वाढतो तो रुंदीत फारसा नाही, लांबीत वाढतो, त्यामुळे टायर वाळू समोर ढकलत बसायच्या ऐवजी वरून चालून जातो. बिनहवेच्या टायरला कारखान्यात जेवढा ताठपणा दिला तेवढाच, रस्त्यावर तोच, वाळूत तोच आणि दगडावरही तोच. जी गोष्ट आम्ही ट्रेलवर दर तासाला बदलतो ती तुम्ही पैसे देऊन कायमची फिक्स करून घेणार.

गोट्या_पुणे२:
आमच्या आजोबांच्या बैलगाडीला लाकडी चाक आणि वर लोखंडी धाव होती. उभ्या आयुष्यात पंक्चर नाही. कंपन्यांनी नवीन काय केलं मग 😀

मातीताई:
@गोट्या आणि तीच गाडी पावसाळ्यात रुतली की शेजारपाजारचे बैल आणून जुंपावे लागायचे, ते आजोबांनी सांगितलं नाही वाटतं. अरुंद धाव मऊ मातीत कापत आत जाते. म्हणून तर गावोगाव टायरच्या गाड्या आल्या ना, त्याच बैलांना ओढायला हलकं पडतं.

टेक्सासकर_मिरजेचा:
डाळिंबवाले दादा, तुमचं दुखणं मला बरोबर कळतं. मी टेक्सासमधे राहतो, इकडे मेस्क्वीट नावाचं झुडूप आहे, बघाल तर म्हणाल अरे ही तर आपली वेडी बाभूळ, आणि खरंच त्याच कुळातली आहे, आपल्याकडची वेडी बाभूळ मुळात अमेरिका खंडातूनच आणलेली. काटे तसेच, आणि इकडच्या रँचवाल्यांची रडगाणीही तुमच्यासारखीच.

माझ्या शेजाऱ्याच्या यूटीव्हीला (साइड-बाय-साइड म्हणतात ती, दोन जण शेजारी बसतात आणि मागे हौदा) मिशेलिनचे एक्स ट्वील यूटीव्ही हे बिनहवेचे टायर लावलेले आहेत. २६ इंची, १४ च्या रिमच्या मापाचे, म्हणजे रिम वेगळी नसतेच, चाक आणि टायर एकच तुकडा, जुनी रिम काढून सरळ हबला बोल्ट मारायचे. ताशी ६० किमीपर्यंतच रेटिंग आहे हे कंपनी स्वतःच सांगते. तो कुंपणाच्या कडेनं दिवसभर फिरतो, काट्यांतून, तारेच्या तुकड्यांतून, आणि पंक्चर हा विषयच संपलाय. मी चालवून बघितलीये. कमी स्पीडला छान, लहान दगड आरामात खातात, कडेनं झोकही जात नाही. थोडं पळवलं की स्टिअरिंगमधे गुरगुर जाणवते, पण शेतात पळवायचं कशाला.

खुपणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे दाम, हवेच्या टायरच्या कितीतरी पट. दुसरी म्हणजे आऱ्यांच्या मधे चिखल बसतो. इकडची माती रेताड आहे म्हणून तो गळून पडतो. तुमच्याकडे माती कुठली?

डाळिंबवाला_सांगोला:
बागेत हलकी, मुरमाड. पण रस्त्याला लागेपर्यंत मधे काळ्या रानाचा पट्टा आहे, पावसात तिथं चप्पलसुद्धा निघत नाही पायातून.

यंत्रआळी:
टायर टेस्टिंगमधे काही वर्षं काढलीत म्हणून थोडं लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

आधी हे टायर काम कसं करतात ते. ट्वीलमधे बाहेरच्या बाजूला रबरी ट्रेडच्या (जमिनीला टेकणाऱ्या थराच्या) आत एक जाड पट्टा असतो, त्यात दोन न ताणले जाणारे थर आणि त्यांच्या मधे एक लवचिक थर. हा पट्टा जमिनीवर येऊन सपाट होतो. त्याच्या आत पॉलियुरेथेनच्या पातळ आऱ्या. लोकांना वाटतं खालच्या आऱ्या गाडीचं वजन पेलतात, पण त्या तर नुसत्या दुमडतात. वजन घेतात वरच्या आऱ्या. त्या ताणल्या जातात आणि हब त्यांना लटकतो, झोळीत पोर लटकतं तसा. म्हणूनच खाली दगड आला तर तेवढ्याच आऱ्या दुमडतात आणि धक्का वर कमी येतो. दुसरी पद्धत मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी खणांची. पोलारिसची टेरेन आर्मर ती.

आता ऑफरोड सोडा, साध्या रस्त्यावरच्या गाड्यांना हे अजून सर्रास का नाहीत? ट्वील जगाला दाखवलं २००५ साली. म्हणजे वीस वर्षं उलटली. तेव्हाच कळलेलं की ताशी ८० किमीच्या पुढे कंपन आणि आवाज वाढतो, कारण प्रत्येक आरी जमिनीजवळ येताना दुमडते आणि लगेच ताठ होते, त्या फटक्यांचा सूर लागतो. आणि उष्णता! २६ इंची चाक ६० च्या स्पीडला सेकंदाला साधारण आठ वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक आरी सेकंदाला आठदा दुमडून सरळ होते. दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते, कारण पॉलियुरेथेन उष्णता पटकन बाहेर सोडत नाही. स्पीड वाढवा, वजन वाढवा, उन्हात चालवा, तिन्ही एकत्र आले की आरीचं आयुष्य घटतं. हवेच्या टायरमधेही उष्णता होतेच पण तिथे वजन पेलायचं मुख्य काम हवेचं आहे आणि हवा वाकून वाकून थकत नाही.

म्हणून मिशेलिनने डोकं लावून ट्वील आधी विकलं ते स्किड स्टीअर लोडरसाठी (पुढे बकेट असलेलं, जागच्या जागी वळणारं छोटं यंत्र), गवत कापायच्या यंत्रांसाठी, नंतर यूटीव्ही. त्यासाठी २०१४ मधे साउथ कॅरोलायनातल्या पीडमाँटला खास कारखाना टाकला. सगळी हळू चालणारी, ठरलेलं वजन घेणारी यंत्रं. गाडीसाठीचं त्यांचं प्रकरण वेगळं, अपटिस, २०१९ मधे जनरल मोटर्सबरोबर जाहीर केलं, त्यात आऱ्यांना काचतंतू घातलेलं रेझिन आहे. २०२४ ला बाजारात आणायचं म्हणत होते. ते फिरतंय कुठे तर सिंगापूरला डीएचएलच्या काही व्हॅन आणि फ्रान्समधे टपालखात्याच्या व्हॅन. डांबरी रस्ता, ठरलेला रूट, रात्री डेपोत परत. ऑफरोडचं नावही नाही त्यात.

थारवाला_धाकटा:
दादाचा धाकटा भाऊ बोलतोय, माझ्या नावानं धागा चाललाय म्हणून अकाउंट काढलं 😄

घाटवाट सर तुमचा मुद्दा मान्य पण मला एक सांगा, चंद्रावर जी गाडी नेली होती अपोलोत, तिला बिनहवेचीच चाकं होती ना? त्याहून मोठं ऑफरोड कुठलं? तिथे चाललं तर मुळशीच्या ट्रेलला का नाही चालणार? आणि दुसरं, तुम्ही हवा काढता हे ठीक, पण हवा काढल्यावरच साइडवॉल फाटते, बीड सुटतो. आपल्या सह्याद्रीतला काळा दगड काय धारेचा आहे तुम्हाला माहितीये. मागच्या पावसाळ्यात माझी साइडवॉल अशी चिरली की पट्टी घालून काही उपयोग नव्हता, स्टेपनी लावून परत फिरावं लागलं, सगळा ग्रुप खोळंबला. बिनहवेच्या टायरला साइडवॉलच नाही तर फाटणार काय?

अंतराळखूळ:
चंद्र म्हटला आणि मी आलो.

अपोलो १५, जुलै १९७१. चाकं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेची जाळी विणून केलेली होती, पियानोत वापरतात तसली तार, आणि वर टायटॅनियमच्या पट्ट्या ग्रिपसाठी. आत आणखी एक कडक चौकट, जाळी फार दबली तर तिला टेकायची. जबरदस्त काम आहे, वाद नाही. पण आकडे बघ. गाडी रिकामी २१० किलो, त्यात दोन माणसं आणि सामान मिळून आणखी ४९० किलोपर्यंत. चंद्रावर वजन सहा पटीनं कमी, म्हणजे एका चाकावर जेमतेम ३० किलोचा भार! तुझ्या थारच्या एका चाकावर त्याच्या पंधरापट. स्पीडचा विक्रम ताशी १८ किमी, तोही उतारावर. आणि अपोलो १५, १६, १७ या तिन्ही मोहिमांतल्या तिन्ही गाड्या मिळून ९० किमीच्या आसपास चालल्या, आयुष्यात. म्हणजे सांगोल्याहून निघालास तर सोलापूरच्या थोडं पुढं.

रबर का नाही वापरलं, तर वजन, निर्वात आणि उन-सावलीतला तापमानाचा भयंकर फरक. गंमत म्हणजे अपोलो १४ ला जी हातगाडी नेली होती तिला मात्र रबरी टायर होते, नायट्रोजन भरलेले.

आणि बिनहवेचं चाक म्हणजे अमर असंही नाही. मंगळावरच्या क्युरिऑसिटीची चाकं अॅल्युमिनियमची, पत्रा पाऊण मिलिमीटरचा, २०१२ ला उतरली आणि २०१३ पासूनच टोकदार दगडांनी भोकं पडायला लागली. तिथे काय पंक्चरवाला नाही, म्हणून मग चालवायची वाट बदलली, आणि पुढच्या पर्सिव्हिअरन्सला जाड पत्र्याची चाकं दिली. नासा आता निकेल-टायटॅनियमच्या स्प्रिंगचे टायर करतेय, कितीही वाकवा, मूळ आकारात परत येतात, ते मात्र बघण्यासारखं आहे.

गोट्या_पुणे२:
म्हणजे नासाचापण पंक्चरचा प्रॉब्लेम सुटला नाही. दादा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

घाटवाट:
@धाकटा, साइडवॉलचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, तो मी उडवून लावणार नाही. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या धारेवर कमी हवेचा टायर बाजूनं घासला तर संपला, आणि साइडवॉलला ट्रेलवर खात्रीचा इलाज नाही. पण म्हणून लोक काय करतात? दगडात २० च्या खाली जात नाहीत, जाड साइडवॉलचा टायर घेतात, एक माणूस खाली उतरून चाक कुठं ठेवायचं ते दाखवतो. तुझी चिरली तेव्हा खाली उतरून कुणी दाखवत होतं का रे?

आणि आता हे बघ, साइडवॉल नाही म्हणजे दोन्ही बाजूंनी आऱ्या उघड्या. तिथे दगड अडकला, धारेचा, आणि चाक फिरलं तर? काठी घुसली तर? हवेचा टायर फाटला तर स्टेपनी लावशील. चार-पाच आऱ्या तुटल्या तर तेच चाक घेऊन खाली यायचं, कारण स्टेपनी तर तू घरी ठेवलीस. थारच्या मापाचा आणि वजनाचा, हायवे आणि ट्रेल दोन्हीला चालेल असा बिनहवेचा टायर दुकानात मिळतोय असं मला तरी आजपर्यंत दिसलेलं नाही. व्हिडिओत दिसतात ते बहुतेक घरी कापून केलेले जुगाड, पाइपाचे तुकडे बोल्टने जोडलेले. बघायला मजा येते. त्यावर घाट उतरू नका, हात जोडून सांगतो.

फौजीबाबा_ईएमई:
जय हिंद. रिटायर झालो, पण गाड्या सुटत नाहीत.

सैन्यानं या विषयावर जेवढा विचार केलाय तेवढा कुणी केला नसेल कारण आमच्याकडे पंक्चर म्हणजे नुसता खोळंबा नसतो. दोन वाटा आहेत. एक वाट बिनहवेची. अमेरिकेत विस्कॉन्सिनची रेझिलिअंट टेक्नॉलॉजीज म्हणून कंपनी होती, हमव्हीसाठी (अमेरिकी सैन्याची जीपसारखी गाडी) पोळ्यासारखे टायर करायला घेतले, पुढे २०१२ ला पोलारिसनं ती घेतली आणि २०१३ मधे स्पोर्ट्समन डब्ल्यूव्ही ८५० ही एटीव्ही त्याच टायरवर काढली. त्यांचा दावा असा की पॉइंट फाइव्ह झीरोची (अर्धा इंच जाड) गोळी लागल्यावर ३५० मैल चाललं आणि रेल्वेचा खिळा घुसल्यावर १००० मैल. दावा कंपनीचा आहे, तसाच घ्या. पण ते एटीव्हीवर, हे लक्षात ठेवा. मोठ्या गाड्यांना सैन्य आजही हवेचाच टायर वापरतं, आत रबराचा कडक रिंग टाकून, रनफ्लॅट म्हणतात, हवा गेली तरी त्या रिंगवर काही अंतर निघून जायचं.

दुसरी वाट म्हणजे हवा कमीजास्त करत राहायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लोकांची पाण्यात आणि जमिनीवर चालणारी डक नावाची गाडी होती, त्यात ड्रायव्हर सीटवर बसल्या बसल्या टायरची हवा कमीजास्त करू शकत होता. समुद्रातून वाळूवर यायचं तर हवा कमी, पक्क्या रस्त्यावर लागलं की परत भरायची. आता आपल्या लष्करानं घेतलेली ती माणसाएवढ्या चाकांची ॲटोर बघा, पाण्यात तरंगते, बर्फात जाते. तिचा सगळा खेळ फुगलेल्या, कमी दाबाच्या भल्यामोठ्या टायरवर आहे. हवा काढून टाका, मग तरंगायची कशी?

तर घाटवाट साहेब बरोबर बोलतात.

स्क्रॅपयार्ड_चाकण:
मी वेगळ्या बाजूचा माणूस, ऑफरोडिंग वगैरे शौक नाही, पण आमचा स्किड स्टीअर दिवसभर लोखंडाच्या भंगारात फिरतो, त्याहून वाईट जमीन कुणी दाखवावी. हवेचे टायर टाकले तर पंक्चर काढायला एक माणूसच ठेवावा लागेल.

आम्ही काय काय केलं ते सांगतो. आधी फोम भरला, म्हणजे हवेच्या टायरमधे वॉल्व्हमधून पॉलियुरेथेन भरतात, आत घट्ट होतं, टायर भरीव. पंक्चर बंद. पण चाक इतकं जड होतं की उचलायला दोन माणसं, आणि मशीन असा आदळतो की ऑपरेटर संध्याकाळी कंबर धरून उतरतो. आणि ट्रेड संपला की आतल्या फोमसकट टायर फेकायचा, रिममधून काढायलाच अर्धा दिवस. मग भरीव रबराचे घेतले, बाजूला भोकं असलेले, थोडा कुशन मिळावा म्हणून. तेच आजपर्यंत चालू आहेत. आमच्या कामाला फर्स्टक्लास.

मधे एका व्यापाऱ्याकडून आऱ्यांचे स्वस्तातले आणले होते, नाव घेत नाही. उन्हाळ्यात बकेट भरून जागच्या जागी वळवायचं काम, स्किड स्टीअर वळतो तो चाकं घासूनच. आऱ्या मुळापाशी चिरत गेल्या, आधी बारीक पांढरी रेघ दिसते, मग ती उघडते. त्यामुळे दादा घ्यायचे तर ज्या कंपनीनं लोड आणि स्पीड कागदावर लिहून दिलंय तेच घ्या, दिसायला सगळे सारखेच दिसतात.

मातीताई:
शेतीच्या बाजूनं एक भर घालते, ट्रॅक्टरवाले वाचत असतील म्हणून.

विदर्भात कापूस काढल्यावर पऱ्हाटीचे जे बुडखे राहतात ते तिरपे कापलेले असतात, भाल्यासारखे. तुरीचंही तसंच. ट्रॅक्टरचा टायर त्यावर गेला की भोक नाही पडलं तरी रबराचे लचके निघतात. तेव्हा तिथेही दर वर्षी कुणीतरी विचारतंच की भरीव टायर का नाही लावत. कारण माती! ट्रॅक्टरचं वजन छोट्या कडक टायरवर आलं तर खालची माती दाबून घट्ट होते, मुळं आत जात नाहीत, पाणी मुरत नाही. म्हणून जगभर शेतीच्या टायरची धाव उलट दिशेनं चाललीये, हवा कमी करण्याकडे. आयएफ आणि व्हीएफ असं लिहिलेलं असतं टायरवर. व्हीएफ म्हणजे तेवढंच वजन नेहमीच्या टायरपेक्षा ४० टक्के कमी दाबावर उचलतो, आयएफ २० टक्के. साइडवॉल मुद्दाम लवचिक केलेली असते. असले टायर आपल्या वाळूजला कारखाना असलेली बीकेटीसुद्धा बनवते.

डाळिंबवाले, तुमची एटीव्ही हलकी आहे, तिच्यानं माती फार दाबली जायची नाही, तुम्ही निवांत रहा. पण ट्रॅक्टरला हा प्रयोग करायला जाऊ नका.

थारवाला_धाकटा:
ओके ओके. दगडात चाक कुठं ठेवायचं ते कुणी दाखवत नव्हतं, मान्य 😐 पण मग स्टेपनी तरी काढून टाकता येते ना? मागच्या दारावर जड होते. नवीन नियमात स्टेपनी कंपल्सरी नाही म्हणतात.

यंत्रआळी:
तो २०२० चा बदल. ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टायरमधला दाब दाखवणारी सिस्टिम असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे नियमाचा सगळा आधार हवेच्या टायरवरच आहे. दाब मोजायलाच काही नसेल तर तुझी गाडी कुठल्या कलमात बसवायची हे आरटीओवाल्याला समजावत बसावं लागेल. आपल्याकडे गाडीच्या टायरला जो आयएसआय मार्क बंधनकारक आहे त्या ऑर्डरच्या नावातच न्यूमॅटिक आहे. बागेतल्या एटीव्हीला हा ताप नाही, ती रस्त्यावर आणायचीच नसते.

आणि रस्ता सोडून नुसत्या ट्रेलला स्टेपनी काढणं म्हणजे... घाटवाट, तुम्हीच बोला.

घाटवाट:
मी काय बोलू. माझ्याबरोबर येणाऱ्या गाडीत स्टेपनी नसेल तर गाडी पार्किंगमधेच राहते.

डाळिंबवाला_सांगोला:
सगळ्यांचे खूप आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. थारचा विषय बंद, आईला सांगितलं तर ती म्हणाली बरं झालं.

एटीव्हीचं मात्र डोक्यात पक्कं होत चाललंय. स्पीड २५ च्या वर जात नाही, वजन ठरलेलं, घरापासून लांब जात नाही. काळ्या रानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात नाही नेली तरी चालतं, बाहेरून मुरमाच्या रस्त्यानं वळसा आहे. प्रश्न फक्त बजेटचा. आत्ता मागचे दोनच घेतले आणि पुढचे हवेचे ठेवले तर चालेल का? पंक्चर जास्त मागचेच होतात.

फौजीबाबा_ईएमई:
एटीव्ही टू व्हील ड्राइव्ह आहे की फोर? फोर असेल तर जपून. बाहेरून माप सारखं लिहिलं असलं तरी वजन पडल्यावर हवेचा टायर जेवढा दबतो तेवढा बिनहवेचा दबेलच असं नाही. मग पुढची आणि मागची चाकं एका फेऱ्यात वेगवेगळं अंतर कापतात, आणि फोर व्हीलमधे पुढचं-मागचं एकमेकांना जखडलेलं असतं, सगळा पीळ ड्राइव्हलाइनवर (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या शाफ्ट-गिअरांवर) येतो. मुरमाड जमिनीत चाक थोडं घसरून तो पीळ सुटतो, पक्क्या जमिनीवर सुटत नाही. दोनच लावायचे असतील तर टू व्हीलमधेच चालवा, फोर व्हील फक्त अडकलात तर.

टेक्सासकर_मिरजेचा:
+१ बाबांना. शेजाऱ्यालाही दुकानदारानं चारही एकदम घ्या म्हणूनच सांगितलेलं, तेव्हा आम्हाला वाटलं विकायचे धंदे.

आणि मागवायच्या आधी हबचे बोल्ट मोजा. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टचं मधलं अंतर, केंद्रापासून केंद्रापर्यंत. ११०, १३७ किंवा १५६ मिलिमीटर यातलं काहीतरी येईल, हे चाक-टायर एकत्र असतात म्हणून ते जुळलं नाही तर सगळंच बाद. पुढचं आणि मागचं वेगवेगळं मोजा, काही मॉडेलमधे सारखं नसतं.

डाळिंबवाला_सांगोला:
फोर व्हील आहे, स्विच असतो तसली. उद्या मोजून फोटो टाकतो.

थारवाला_धाकटा:
घाटवाट सर, हवा काढायची तर परत भरायला कॉम्प्रेसर लागणार. कुठला घेऊ? बॅटरीला क्लिप लावायचा की लायटरचा चालेल?

घाटवाट:
लायटरचा घेऊ नकोस, एवढे मोठे चार टायर भरेपर्यंत फ्यूज जाईल. बाकी त्याच्यावर वेगळा धागा आहे, वर पिन केलाय, बराच मोठा आहे, पूर्ण वाच आणि मग तिथेच विचार.